कॅनडात पहिले पाऊल : नवागतांना स्थिरस्थावर करणाऱ्या सेवा

- प्रतिनिधी

'आमच्या मुलाचे कॅनडाचे काम झाले', असे एखाद्या मराठी घरात सांगितले जाते, तेव्हा त्या एका वाक्यामागे दोन-तीन वर्षांची धावपळ असते. परीक्षा, गुणांची बेरीज, पदव्यांची पडताळणी, वैद्यकीय तपासणी, पोलिसांचा दाखला हे सारे पार पडले की नातेवाईक निरोपसमारंभ करतात आणि कुटुंब विमानात बसते. काम मात्र तेव्हा झालेले नसते. ते खऱ्या अर्थाने सुरू होते विमानतळाबाहेर पडल्यावर. घर कोठे घ्यायचे, मुलांचे नाव कोणत्या शाळेत घालायचे, ताप आला तर कोणाकडे जायचे, पंधरा वर्षांच्या अनुभवाला इथे कोणी विचारत का नाही, हे प्रश्न पहिल्याच आठवड्यात पुढे उभे राहतात.

या प्रश्नांची उत्तरे मिळावीत म्हणून कॅनडाच्या सरकारने एक व्यवस्था उभी केली आहे. तिला तेथे 'सेटलमेंट सर्व्हिसेस' म्हणतात. नवागतांना त्या देशात स्थिरस्थावर होण्यासाठी मिळणाऱ्या या सेवा विनामूल्य आहेत. तरीही अनेक सुशिक्षित कुटुंबे त्यांच्याकडे फिरकत नाहीत. काहींना त्यांची माहितीच नसते. काहींना 'आपण काही निर्वासित नाही, आपल्याला कशाला मदत हवी', असे वाटते. या संकोचापायी पहिले वर्षभर बचत खर्ची पडते आणि चुकीच्या सल्ल्यावर पैसे जातात. म्हणूनच या सेवा कोणत्या, त्या कोणाला मिळतात आणि त्यांचा उपयोग कसा करून घ्यावा, याची ही ओळख.

व्यवस्थेचा उगम

परक्या भूमीतून आलेल्यांना सामावून घेण्याची कॅनडाची आजची वृत्ती पूर्वापार नव्हती. १९१४ साली 'कोमागाटा मारू' हे जहाज ३७६ प्रवाशांना घेऊन व्हँकुव्हरच्या बंदरात पोहोचले. प्रवासी हिंदुस्थानातील, बहुसंख्य पंजाबी होते. त्यांतील मोजक्यांनाच उतरू देण्यात आले आणि दोन महिन्यांनी जहाज परत पाठविण्यात आले. या घटनेबद्दल कॅनडाच्या संसदेत पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी औपचारिक माफी मागितली ती २०१६ मध्ये, म्हणजे शंभर वर्षे उलटून गेल्यावर.

वंश आणि देश पाहून प्रवेश देण्याची पद्धत मागे पडली ती १९६७ साली गुणांवर आधारित निवडपद्धत आल्यानंतर. शिक्षण, भाषा, वय व अनुभव यांना गुण मिळू लागले आणि भारतातील डॉक्टर, अभियंते, शिक्षक यांना दार उघडले. पाठोपाठ १९७१ मध्ये बहुसांस्कृतिकतेचे धोरण जाहीर झाले. येणाऱ्यांची संख्या आणि विविधता वाढली, तशी केवळ प्रवेश देऊन भागत नाही, याची जाणीव झाली. १९७४ साली नवागतांना स्थिरावण्यास साह्य करणारा केंद्र सरकारचा कार्यक्रम सुरू झाला. १९९२ साली भाषावर्गांची योजना आली. पुढे निरनिराळ्या योजना एका छत्राखाली आणण्यात आल्या.

या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे, की सरकार पैसे देते; पण प्रत्यक्ष काम स्वयंसेवी संस्था करतात. देशभरात अशा ५००हून अधिक संस्था आहेत. यांतील कित्येक संस्था आधीच्या पिढीतील स्थलांतरितांनीच उभारल्या. टोरांटोतील 'कॉस्टी' ही संस्था इटालियन स्थलांतरितांच्या मदतकार्यातून वाढली. व्हँकुव्हरची 'सक्सेस' ही संस्था १९७३ मध्ये चिनी समाजाच्या पुढाकाराने स्थापन झाली. टोरांटोलगतच्या मिसिसागा व ब्रॅम्प्टन या शहरांत 'इंडस कम्युनिटी सर्व्हिसेस' दक्षिण आशियाई कुटुंबांमध्ये काम करते. आज या संस्थांची दारे सर्व देशांतून आलेल्यांना खुली असतात. २०२१च्या जनगणनेनुसार कॅनडाच्या लोकसंख्येत परदेशात जन्मून तेथे स्थायिक झालेल्यांचे प्रमाण २३ टक्के, म्हणजे सुमारे ८३ लाख होते. २०१६ ते २०२१ या काळात आलेल्या नवागतांमध्ये भारताचा वाटा सर्वांत मोठा, १८.६ टक्के होता. या आकड्यांवरून व्यवस्थेवर किती भार आहे, ते लक्षात येईल.

क्युबेक प्रांताची गोष्ट वेगळी. १९९१च्या करारानुसार हा प्रांत आपल्याकडील सेवा स्वतः चालवितो आणि तेथे भर असतो तो फ्रेंच भाषेवर. माँट्रियलला जाणाऱ्यांनी पुढील माहिती वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा.

सेवा कोणाला, कोणाला नाही

सर्वाधिक गोंधळ होतो तो इथे. केंद्र सरकारच्या निधीतून चालणाऱ्या सेवा मुख्यत्वे दोन वर्गांना मिळतात. पहिला वर्ग कायम रहिवाशांचा, म्हणजे ज्यांना बोलीभाषेत 'पीआर' म्हटले जाते त्यांचा. यात कौशल्याच्या आधारे निवडले गेलेले आणि पती, पत्नी किंवा मुलांनी बोलावून घेतलेले असे दोन्ही येतात. दुसरा वर्ग निर्वासित म्हणून संरक्षण मिळालेल्यांचा. सरकारने आणलेल्या निर्वासितांना याशिवाय तात्पुरता निवारा आणि साधारणतः पहिले वर्षभर निर्वाहभत्ता अशी स्वतंत्र मदत मिळते.

शिक्षणासाठी गेलेले विद्यार्थी, तात्पुरत्या परवान्यावरील कामगार आणि पर्यटक यांना या केंद्रीय सेवा सर्वसाधारणपणे मिळत नाहीत. नागरिकत्व घेतले की तो हक्कही संपतो. पुण्या-मुंबईतून कॅनडाच्या महाविद्यालयांत जाणाऱ्या तरुणांची यामुळे मोठी पंचाईत होते. कारण घर, नोकरी, एकटेपणा हे प्रश्न त्यांनाही तितकेच भेडसावतात. त्यांनी प्रथम आपल्या महाविद्यालयातील आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्ष गाठावा. काही प्रांतांच्या स्वतःच्या निधीतून चालणाऱ्या सेवांचे नियम अधिक सैल असतात. ब्रिटिश कोलंबियात तात्पुरत्या परवान्यावर आलेल्यांनाही अशा सेवांचा लाभ घेता येतो. त्यामुळे 'आपण बसत नाही' असे स्वतःच ठरवून टाकण्याऐवजी संस्थेत जाऊन विचारणे श्रेयस्कर.

आणखी एक गोष्ट. कॅनडाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आपले स्थलांतराचे उद्दिष्ट घटविले. २०२५ साठी आधी ठरलेली ५ लाखांची संख्या ३ लाख ९५ हजारांवर आणली गेली. निधीलाही कात्री लागली आणि काही संस्थांचे वर्ग कमी झाले. पात्रतेच्या अटी आणि मुदती सरकार बदलू शकते. म्हणून 'पुढे कधीतरी पाहू' असे न म्हणता पहिल्याच काही महिन्यांत नाव नोंदविणे शहाणपणाचे.

घरून निघण्यापूर्वी

कायम रहिवासाची मंजुरी मिळालेल्यांना भारतात असतानाच मार्गदर्शन देण्याची कल्पना २००७ साली भारत, चीन आणि फिलिपिन्स येथे प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. आता असे मार्गदर्शन ऑनलाइन मिळू शकते. सध्या कोणत्या संस्था ते देतात, याची यादी कॅनडाच्या इमिग्रेशन विभागाच्या संकेतस्थळावर पाहावी. या सत्रांत आपल्या व्यवसायाला तेथे परवाना लागतो का, तेथील अर्ज कसा लिहावा, कोणत्या शहरात कशा संधी आहेत, हे सांगितले जाते.

बरोबर न्यावयाच्या कागदांत पदव्या आणि गुणपत्रिकांखेरीज आणखी काही गोष्टी हव्यात. मुलांचे लसीकरणाचे कार्ड, शाळा सोडल्याचे दाखले, जन्म व विवाहाची प्रमाणपत्रे, जुन्या मालकांची पत्रे, वाहनविम्याचा इतिहास आणि आरटीओकडून वाहन परवान्याची अधिकृत नोंद सोबत घ्यावी. जे कागद मराठीत आहेत, त्यांची प्रमाणित इंग्रजी भाषांतरे इथूनच करून घ्यावीत. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा मराठी दाखला तेथील शाळेत कोणाला वाचता येत नाही आणि भाषांतराचा खर्च तेथे डॉलरमध्ये होतो.

मागाहून येणाऱ्या सामानाची किमतीसह यादी तयार ठेवावी. ती पहिल्या प्रवेशाच्या वेळी सीमाशुल्क अधिकाऱ्याला द्यावी लागते. ती दिली नाही, तर मागाहून आलेल्या वस्तूंवर शुल्क बसू शकते. दहा हजार कॅनेडियन डॉलर वा त्याहून अधिक रोकड किंवा तत्सम साधने जवळ असल्यास ती जाहीर करणे बंधनकारक आहे. एवढी रक्कम नेण्यास बंदी नाही. ती लपविणे मात्र गुन्हा ठरतो.

पहिला पंधरवडा

तेथे पोहोचल्यावर पहिले काम सोशल इन्शुरन्स नंबर मिळविण्याचे. नऊ अंकांचा हा क्रमांक नोकरी, कर आणि सरकारी लाभ यांसाठी लागतो. तो 'सर्व्हिस कॅनडा'च्या कार्यालयात विनामूल्य मिळतो. तो कोणालाही सहजासहजी सांगू नये. घर पाहण्यापूर्वीच तो मागणाऱ्या व्यक्तीपासून दूर राहिलेले बरे.

दुसरे काम आरोग्यपत्राचे. कॅनडात सार्वजनिक आरोग्यविमा प्रांतांकडे असतो आणि नियम प्रांतागणिक बदलतात. ऑन्टारिओने तीन महिन्यांची प्रतीक्षा मार्च २०२० मध्ये रद्द केली. ब्रिटिश कोलंबियात मात्र आलेला महिना आणि त्यापुढचे दोन महिने थांबावे लागते. अशा प्रांतात जाणाऱ्यांनी मधल्या काळासाठी खासगी विमा घ्यावा. एका रात्रीच्या रुग्णालयवासाचे बिल बचतीला मोठे खिंडार पाडू शकते. औषधे, दात व चष्मा यांचा खर्च या सार्वजनिक विम्यात सर्वसाधारणपणे धरलेला नसतो, हेही माहीत असावे.

तिसरे काम पत्त्याचे. पीआर कार्ड टपालाने येते. त्यासाठी कॅनडातील पत्ता १८० दिवसांच्या आत कळवावा लागतो. मुले असल्यास कॅनडा चाइल्ड बेनिफिटसाठी ताबडतोब अर्ज करावा. कुटुंबाच्या उत्पन्नानुसार अठरा वर्षांखालील मुलांसाठी दरमहा मिळणारी ही रक्कम सुरुवातीच्या काळात मोठा आधार ठरते. अर्जात कॅनडात येण्यापूर्वीच्या उत्पन्नाचीही माहिती द्यावी लागते.

वाहन चालविण्याबाबत गैरसमज फार आहेत. ऑन्टारिओत नवा रहिवासी आपल्या देशाच्या वैध परवान्यावर ६० दिवस गाडी चालवू शकतो, ब्रिटिश कोलंबियात ९० दिवस. भारताच्या परवान्याची तेथे थेट अदलाबदल होत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. मात्र जुन्या अनुभवाचा अधिकृत पुरावा दिल्यास परीक्षांमधील सक्तीची प्रतीक्षा कमी होऊ शकते. आरटीओचा कागद इथे कामी येतो.

संस्थेत काय होते

संस्थेत गेल्यावर प्रथम समुपदेशक भेटतो. तो कायम रहिवासाचा कागद पाहतो, कुटुंबाची माहिती घेतो आणि गरजांची नोंद करून एक आराखडा आखून देतो. कोणत्या गोष्टीसाठी कोठे जायचे, कोणता अर्ज आधी भरायचा, याचा क्रम त्यात असतो. अर्ज भरताना मदत होते, गरज पडल्यास दुभाषा मिळतो. मोठ्या शहरांतील संस्थांमध्ये हिंदी, पंजाबी व गुजराती बोलणारे कर्मचारी भेटतात. मराठी बोलणारा भेटेलच याची खात्री नसली, तरी विचारायला हरकत नाही. वर्गाला येण्यासाठी बसभाडे आणि लहान मुलांना सांभाळण्याची सोय काही कार्यक्रमांत असते. संभाषण गोपनीय राहते आणि या सेवा घेतल्याने पुढे नागरिकत्वाच्या अर्जावर कोणताही विपरीत परिणाम होत नाही.

जवळची संस्था ठाऊक नसेल, तर २११ हा दूरध्वनी क्रमांक लक्षात ठेवावा. स्थानिक सामाजिक सेवांची माहिती तो अनेक भाषांतून देतो. आणीबाणीसाठीचा क्रमांक मात्र ९११. दोहोंत गल्लत करू नये.

भाषेचे वर्ग

'आम्हाला इंग्रजी येते, वर्ग कशाला', असा प्रश्न साहजिक आहे. कॅनडात भाषेची पातळी १ ते १२ अशा अंकांत मोजतात. तपासणी करून योग्य पातळीच्या विनामूल्य वर्गात बसविले जाते. महाराष्ट्रात मराठी माध्यमात शिकलेली, इंग्रजी वाचू शकणारी पण बोलताना अडखळणारी गृहिणी किंवा ज्येष्ठ व्यक्ती यांना या वर्गांचा मोठा उपयोग होतो. दुकानात बोलणे, डॉक्टरांना दुखणे सांगणे, शाळेच्या बाईंना प्रश्न विचारणे यांतून भाषा शिकविली जाते. नागरिकत्वासाठी १८ ते ५४ वयाच्या अर्जदारांना ऐकणे आणि बोलणे यांत चौथी पातळी दाखवावी लागते. या वर्गांचे प्रमाणपत्र तेथे पुरावा म्हणून चालते.

इंग्रजीवर प्रभुत्व असणाऱ्यांसाठी व्यवसायनिष्ठ भाषावर्ग आहेत. बैठकीत मत कसे मांडावे, वरिष्ठाला नाव घेऊन हाक मारण्याचा संकोच कसा सोडावा, नकार सभ्यपणे कसा द्यावा, या गोष्टी व्याकरणाच्या पुस्तकात नसतात. मुलाखतीत मागे पडण्याचे कारण पुष्कळदा इथेच असते.

पदवी, परवाना आणि नोकरी

सर्वांत जिव्हारी लागणारा अनुभव नोकरीचा. इथे एक फरक नीट समजून घ्यावा. स्थलांतराच्या अर्जासाठी जी पदवी-पडताळणी करून घेतली जाते, ती व्यवसायाचा परवाना नसते. 'तुमची पदवी कॅनडातील पदवीच्या तोडीची आहे', एवढेच ती सांगते. डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य, औषधनिर्माता, वकील, शिक्षक, अभियंता हे व्यवसाय नियंत्रित आहेत. त्यांचे परवाने प्रांतातील व्यावसायिक मंडळे देतात. प्रांत बदलला की मंडळ बदलते. यांत डॉक्टरांची वाट सर्वांत खडतर आहे; परीक्षा उत्तीर्ण होऊनही प्रशिक्षणाच्या जागा मोजक्याच असतात. माहिती-तंत्रज्ञान, विक्री, लेखासाह्य अशा असंख्य कामांना मात्र परवाना लागत नाही. आपला व्यवसाय कोणत्या यादीत बसतो, हे तिकीट काढण्यापूर्वी समजले पाहिजे.

'कॅनडातील अनुभव आहे का?' हा प्रश्न नवागतांच्या मार्गातील मोठी धोंड ठरला. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, असे ते दुष्टचक्र. याविरुद्ध हळूहळू पावले पडली. ऑन्टारिओने २००६ मध्ये नियंत्रित व्यवसायांतील प्रवेश न्याय्य असावा यासाठी कायदा केला. त्या प्रांताच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्ये अशा अनुभवाची सरसकट अट भेदभावाची ठरू शकते, असे धोरण जाहीर केले. ऑन्टारिओच्या अभियंता मंडळाने परवान्यासाठी असलेली ही अट मे २०२३ मध्ये काढून टाकली. कायदा बदलला तरी मनोवृत्ती बदलण्यास वेळ लागतो. तरीही नवागताने आपला हक्क जाणून असावे.

सेवासंस्था या टप्प्यावर चार प्रकारे मदत करतात. एक, अर्ज आणि मुलाखतीची तयारी. आपल्याकडील 'बायोडाटा'त जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, वडिलांचे नाव आणि छायाचित्र असते. तेथील अर्जातून हे सारे वगळायचे असते. दोन, मार्गदर्शक मिळवून देणे. आपल्याच क्षेत्रातील अनुभवी व्यक्ती काही आठवडे वाट दाखविते. टोरांटोत असा उपक्रम २००४ पासून सुरू झाला. तीन, शिक्षण व परवाना यांतील दरी भरून काढणारे 'ब्रिजिंग' अभ्यासक्रम. चार, कर्ज. परवान्याच्या परीक्षा आणि अभ्यासक्रम यांसाठी नवागतांना स्थानिक पतइतिहास नसतानाही कर्ज देणाऱ्या संस्था आहेत. 'विंडमिल मायक्रोलेंडिंग' ही त्यांतील प्रमुख संस्था १५ हजार डॉलरपर्यंत कर्ज देते.

तात्पुरते मिळेल ते काम पत्करणे यात कमीपणा काहीच नाही. गोदामात किंवा दुकानात काम करून घर चालविणारे अनेक जण पुढे आपल्या क्षेत्रात परतले आहेत. धोका असतो तो त्या कामाच्या रगाड्यात परवान्याचा अर्ज मागे पडण्याचा. समुपदेशकाबरोबर केलेला आराखडा आणि त्यातील तारखा इथे उपयोगी पडतात.

घर, बँक आणि कर

भाड्याचे घर घेताना मालक नोकरीचे पत्र आणि पतअहवाल मागतो. नवागताजवळ दोन्ही नसते. भारतातील कर्जफेडीची उत्तम नोंद तेथे आपोआप पोहोचत नाही. अशा वेळी बँकेतील शिल्लक, शिक्षण आणि ओळखीच्या व्यक्तीचे पत्र दाखवावे. कायदा भाडेकरूच्या बाजूने काय सांगतो, तेही पाहावे. ऑन्टारिओत मालक ठेव म्हणून फार तर एका महिन्याचे भाडे मागू शकतो आणि ते शेवटच्या महिन्यात वळते होते. नुकसानीची वेगळी अनामत घेता येत नाही. ब्रिटिश कोलंबियात अनामत अर्ध्या महिन्याच्या भाड्याहून अधिक नसते. क्युबेकमध्ये अनामत मागण्याची मालकाला मुभाच नाही. घर प्रत्यक्ष न पाहता, केवळ छायाचित्रे पाहून भारतातून पैसे पाठवू नयेत. या प्रकारात फसवणूक होते.

योग्य ओळखपत्र असल्यास नोकरी किंवा शिल्लक नसतानाही बँकेत खाते उघडण्याचा हक्क आहे. ठेव ठेवून मिळणारे क्रेडिट कार्ड घेऊन दरमहा पूर्ण रक्कम भरली, की पतइतिहास तयार होऊ लागतो. उत्पन्न नसले तरी कराचे विवरणपत्र भरावे, कारण सरकारी लाभ त्यावर ठरतात. नोकरदारांसाठी त्याची मुदत ३० एप्रिल. कमी उत्पन्न असणाऱ्यांसाठी ते विनामूल्य भरून देणारी स्वयंसेवकांची शिबिरे भरतात.

मुले आणि शाळा

सरकारी शाळेत बारावीपर्यंतचे शिक्षण कायम रहिवाशांच्या मुलांना विनामूल्य आहे. वर्ग प्रायः वयानुसार ठरतो. पुष्कळ शाळांमध्ये नवागत कुटुंबांसाठी नेमलेले सेवक असतात. प्रवेशाचे अर्ज, शिक्षकांशी भेट, बसची सोय, डब्यात काय द्यावे इथपर्यंत ते सांगतात. अनेक सार्वजनिक ग्रंथालयांतही असे सेवक बसतात. ग्रंथालयाचे सदस्यत्व सर्वसाधारणपणे विनामूल्य असते आणि कडाक्याच्या थंडीत घरात कोंडलेल्या आई-मुलांसाठी ती हक्काची जागा होते.

पालकांनी एक गोष्ट गांभीर्याने घ्यावी. मुलाला मारहाण होत असल्याची शंका आली, तर शिक्षकाने ती बालसंरक्षण यंत्रणेला कळविणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे 'शिस्त' म्हणून खपून जाणारा धपाटा तेथे चौकशीचे कारण होऊ शकतो.

मराठीचे काय, हा प्रश्नही घरोघरी उठतो. टोरांटोचे मराठी भाषिक मंडळ आणि अन्य शहरांतील मंडळे सणसमारंभांच्या निमित्ताने कुटुंबांना एकत्र आणतात. उत्तर अमेरिकेतील मराठी शाळांसाठी बृहन्महाराष्ट्र मंडळाने अभ्यासक्रमही तयार केला आहे. ऑन्टारिओत पुरेशा विद्यार्थ्यांच्या पालकांनी लेखी मागणी केल्यास शाळामंडळाला त्या भाषेचा वर्ग चालवावा लागतो. या तरतुदीचा लाभ मराठी पालकांनीही घ्यायला हवा.

मंडळांची मदत आपुलकीची असते. पहिल्या रात्रीचे जेवण, जुना सोफा, लहान मुलाचा थंडीचा कोट अनेकदा तिथूनच मिळतो. परंतु ऐकीव सल्ला दहा वर्षांपूर्वीच्या नियमांवर बेतलेला असू शकतो. म्हणून आपुलकी मंडळातून घ्यावी आणि नियमांची माहिती संस्थेतून.

स्त्रिया आणि ज्येष्ठ

पतीच्या अर्जावर कॅनडात आलेल्या स्त्रीला आपले तेथील वास्तव्य सर्वस्वी त्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, असे पुष्कळदा वाटते किंवा तसे भासविले जाते. कायम रहिवास मिळालेल्या पत्नीच्या बाबतीत हे खरे नाही. प्रायोजित जोडीदाराने दोन वर्षे एकत्र राहिलेच पाहिजे, अशी अट २०१२ मध्ये घातली गेली होती. अत्याचार सोसणाऱ्या स्त्रिया या अटीमुळे घरात अडकून पडतात, अशी टीका झाली आणि एप्रिल २०१७ मध्ये ती रद्द करण्यात आली. आज छळ करणाऱ्या पतीपासून वेगळे झाल्याने स्त्रीचा कायम रहिवास जात नाही. निवारा, कायदेशीर सल्ला आणि दुभाषा यांची माहिती संस्थेत किंवा २११वर मिळते. हे एक वाक्य प्रत्येक मुलीला ती निघण्यापूर्वी माहेरच्यांनी सांगून ठेवावे.

नातवंडांना सांभाळायला जाणारे आईवडील बहुधा 'सुपर व्हिसा'वर जातात. २०११ मध्ये सुरू झालेल्या आणि जुलै २०२२ पासून एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू देणाऱ्या या व्हिसावरील व्यक्ती तात्पुरत्या रहिवासी गणल्या जातात. त्यांना प्रांताचा आरोग्यविमा सहसा मिळत नाही, केंद्रीय सेवाही नाहीत. खासगी वैद्यकीय विमा त्यांना सक्तीचा आहे. त्यांच्यासाठी ग्रंथालये आणि ज्येष्ठांची सामुदायिक केंद्रे हाच आधार. मुले-सुना कामावर गेल्यावर बर्फाकडे पाहत दिवस काढणाऱ्या या माणसांचा विचार कुटुंबाने आधीच करायला हवा.

सावध राहावे

कॅनडाच्या स्थलांतराचा सल्ला पैसे घेऊन देण्याचा अधिकार परवानाधारक सल्लागार, वकील, क्युबेकमधील नोटरी अशा अधिकृत व्यक्तींनाच आहे. सल्लागारांचे नियमन नोव्हेंबर २०२१ पासून त्यांच्या वैधानिक महाविद्यालयाकडे आहे आणि परवाना ऑनलाइन तपासता येतो. नोकरीच्या पत्रासाठी पैसे मागणारा माणूस कायदा मोडत असतो. 'कर थकला आहे, आत्ता पैसे भरा, नाहीतर परत पाठवू', असा दूरध्वनी आला तर तो ठेवून द्यावा. सरकार अशा प्रकारे, भेटकार्डांच्या स्वरूपात वसुली करीत नाही.

थोडक्यात

• या सेवा विनामूल्य आहेत. त्यांसाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत.
• पहिल्या महिन्यातच जवळच्या संस्थेत नाव नोंदवावे.
• मराठी कागदांची प्रमाणित भाषांतरे इथूनच न्यावीत.
• पदवी-पडताळणी म्हणजे परवाना नव्हे.
• कायम रहिवास टिकविण्यासाठी पाच वर्षांत किमान ७३० दिवस, तर नागरिकत्वाच्या अर्जासाठी १,०९५ दिवस कॅनडात असावे लागते. प्रवासाच्या तारखांची नोंद ठेवावी.
• माहितीसाठी २११, आणीबाणीसाठी ९११.

गाव सोडून शहरात आलेल्या माणसाला चाळीतला पहिला शेजारी जसा पाण्याची वेळ आणि रेशनचे दुकान दाखवी, तसेच काम परदेशात या संस्था करतात. फरक इतकाच, की त्यांच्या दारापर्यंत आपण होऊन जावे लागते. त्या दारात उभे राहण्यात लाज नाही. आज तिथे टेबलापलीकडे बसलेली व्यक्तीही बहुधा काही वर्षांपूर्वी हातात कागदांची फाइल घेऊन टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसलेली असते.